मापाची व्हीलचेअर: मागणी कशी नोंदवावी आणि ती न बसल्यास काय करावे

२०११ च्या जनगणनेत गोव्यातील ३३,०१२ दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ५,५७८ जणांचे अपंगत्व चालण्या-फिरण्याशी निगडित होते. यांतील प्रत्येकाला व्हीलचेअर लागतेच असे नाही. परंतु ज्याला ती लागते, त्याच्या दृष्टीने खुर्ची मिळणे आणि ती उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंगाला न बसणारी खुर्ची काही दिवसांत ओसरीच्या कोपऱ्यात जाते, तिच्यावर कपडे वाळत पडतात आणि माणूस पुन्हा खाटेवर येतो. त्याहून वाईट म्हणजे, दुसरा पर्याय नसल्याने तीच खुर्ची रोज वापरली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत माकडहाडावर जखम होते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्यक्तीला कमरेखाली संवेदना नसेल, तर ही जखम दिसेपर्यंत कळतही नाही.

मापाची खुर्ची कोणाला लागते, तिची मागणी नोंदवताना काय पाहावे, ताबा घेताना कोणती तपासणी करावी आणि खुर्ची बसली नाही तर दाद कोठे मागावी, याची माहिती पुढे दिली आहे. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील घरे, वाटा आणि हवामान डोळ्यांपुढे ठेवून ती मांडली आहे.

तयार खुर्ची आणि मापाची खुर्ची

घडी घालता येणारी पोलादी व्हीलचेअर १९३३ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. खाणीतील अपघातात कणा मोडलेले अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट यांच्यासाठी त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी मोटारीत मावेल अशी खुर्ची घडवली. म्हणजे आज रुग्णालयांत सर्वत्र दिसणाऱ्या खुर्चीचा मूळ नमुना एका विशिष्ट माणसाच्या गरजेतून जन्मला. पुढे कारखान्यांनी तोच साचा घाऊक प्रमाणात काढला. आपल्याकडे औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या खुर्चीची बैठक बहुधा १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद असते. दुसऱ्या कोणी तरी ढकलत रुग्णाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावे, एवढ्या कामाला ती पुरेशी आहे. दिवसाचे आठ-दहा तास त्याच खुर्चीत बसून स्वयंपाक, अभ्यास, नोकरी किंवा दुकान सांभाळणाऱ्या माणसाला ती पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत ‘योग्य खुर्ची’ची व्याख्या आहे. खुर्ची वापरणाऱ्याच्या गरजा आणि परिसर यांना अनुरूप असावी, अंगाला नीट बसावी, शरीराला आधार द्यावी, सुरक्षित व टिकाऊ असावी आणि तिची देखभाल त्याच देशात परवडणाऱ्या खर्चात व्हावी. याच तत्त्वांत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: शिफारस, तपासणी, खुर्ची ठरवणे, पैशांची तरतूद व मागणी, जुळणी, अंगावर बसवून पाहणे, वापराचे प्रशिक्षण आणि शेवटी देखभाल व पाठपुरावा. आपल्याकडील व्यवहारात यांपैकी चौथी पायरी तेवढी काळजीपूर्वक पार पाडली जाते. खुर्ची न बसल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ उरलेल्या सात पायऱ्यांत असते. संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे.

भारतात गेल्या काही वर्षांत मापाच्या खुर्च्या बनू लागल्या आहेत. मद्रास आयआयटीच्या पुनर्वसन तंत्रज्ञान केंद्रातून पुढे आलेल्या निओमोशन या कंपनीची निओफ्लाय ही खुर्ची व्यक्तीच्या मापानुसार जुळवून दिली जाते. त्याच संस्थेने जुलै २०२५ मध्ये सुमारे ९ किलो वजनाची वायडी वन ही खुर्ची सादर केली. साधी पोलादी घडीची खुर्ची १८ ते २० किलोंच्या आसपास भरते. हे अंतर लक्षात घेतले म्हणजे ओसरीच्या पायऱ्यांवरून खुर्ची उचलणाऱ्या आई-वडिलांना कोणता फरक पडतो, ते वेगळे सांगावे लागत नाही.

अंगाचे माप

माप शक्यतो फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी घ्यावे. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय ही दोन ठिकाणे पेडणे-डिचोलीकरांना जवळची. मुंबईतील हाजी अली येथे १९५५ पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था गुंतागुंतीच्या प्रकरणांसाठी उपयुक्त आहे. कणा वाकडा असेल, कंबर एका बाजूला कललेली असेल, सांधे आखडले असतील किंवा स्नायूंना वारंवार ताठरता येत असेल, तर घरच्या घरी माप घेऊन मागणी नोंदवू नये.

माप नेहमी बसलेल्या स्थितीत, कठीण आणि सपाट बाकावर, पातळ कपड्यांत घ्यावे. शिंपी अंगाभोवती फीत गुंडाळतो; खुर्चीसाठी मात्र सरळ रेषेतील अंतर हवे. त्यासाठी कंबरेच्या दोन्ही बाजूंना दोन जाड वह्या किंवा लाकडी फळ्या उभ्या धराव्यात आणि त्यांच्यामधील अंतर मोजावे. पुढील पाच मापे अत्यावश्यक आहेत.

बैठकीची रुंदी: बसलेल्या अवस्थेत नितंबांचा सर्वांत रुंद भाग जेवढा, तेवढीच किंवा फार तर ३ सेंटिमीटर अधिक. ३६ सेंटिमीटर रुंदीच्या व्यक्तीला ४६ सेंटिमीटरची खुर्ची दिली, तर दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर पोकळी राहते. माणूस एका अंगाला कलतो, कणा वाकतो आणि चाके लांब गेल्याने खांदे दुखू लागतात.

बैठकीची खोली: नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंतचे अंतर, त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा. खोली जास्त झाली, तर बैठकीची कडा गुडघ्यामागे टोचते. ती टाळण्यासाठी माणूस पुढे सरकतो आणि भार माकडहाडावर येतो. खोली कमी पडली, तर मांड्यांना आधार मिळत नाही आणि सगळे वजन बसण्याच्या दोन हाडांवर साचते.

फूटरेस्टची उंची: गुडघ्यामागून टाचेच्या तळापर्यंत, रोजच्या वापरातील चपला किंवा बूट घालून. फूटरेस्ट आणि जमीन यांत किमान ५ सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजे. दोन्ही पायांची लांबी वेगळी असल्यास दोन्ही मापे लिहावीत.

पाठीची उंची: धडाचा तोल स्वतः सांभाळता येत असेल आणि खुर्ची स्वतः चालवायची असेल, तर बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत किंवा खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत पाठ पुरते. पाठ त्याहून उंच झाल्यास चाक फिरवताना पाते अडते. तोल कमी असलेल्यांना मात्र उंच पाठ लागते.

कोपराची उंची: हात बाजूला सोडून कोपर काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर. आर्मरेस्ट याहून उंच असल्यास खांदे चढलेले राहतात. खाली असल्यास माणूस एका बाजूला झुकतो.

यांच्या जोडीला मागच्या चाकाची जागा ठरवावी लागते. ताठ बसून हात खाली सोडल्यावर बोटांची टोके चाकाच्या मध्यापर्यंत पोहोचावीत; हात कडीच्या माथ्यावर ठेवल्यावर कोपराचा कोन काटकोनाच्या किंचित पुढे जावा. चाकाचा आस पुढे घेतला की खुर्ची हलकी चालते, पण मागे उलटण्याची शक्यता वाढते. आस मागे नेला की खुर्ची स्थिर होते, पण ओढायला जड जाते. मांडीपासून पाय कापलेल्या व्यक्तीच्या पुढच्या बाजूचे वजन कमी झालेले असते. तिच्यासाठी आस मागे घ्यावाच लागतो. नवख्या माणसाने मागच्या बाजूला उलटण्यापासून रोखणारी लहान चाके आवर्जून लावून घ्यावीत.

सर्वांत जास्त चुका गादीमुळे होतात. वरील सर्व उंच्या ज्या गादीवर बसून मोजल्या, तीच गादी खुर्चीसोबत हवी. ५ सेंटिमीटरच्या गादीवर माप घेतले आणि नंतर १० सेंटिमीटरची गादी घातली, तर पाठ, आर्मरेस्ट, फूटरेस्ट आणि चाक ही चारही मापे एकदम चुकतात. म्हणून गादी आधी ठरवावी, खुर्ची नंतर.

लहान मुलांच्या बाबतीत एक मोह टाळला पाहिजे. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तशी वाढत्या अंगाची खुर्ची घेऊ नये. मोठ्या खुर्चीत मूल दोन वर्षे वाकडे बसले, तर तोपर्यंत कणाही वाकडा होऊ शकतो. चौकट वाढवता येईल असा प्रकार काही उत्पादक देतात. तो मागावा आणि खुर्ची आजच्या मापाची ठेवावी.

घराचे आणि वाटेचे माप

अंगाच्या मापाइतकेच घराचे माप महत्त्वाचे. साधारणपणे खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा १८ ते २० सेंटिमीटरने अधिक असते. म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या बैठकीची खुर्ची ६४ ते ६६ सेंटिमीटरपर्यंत जाते. जुन्या घरांतील न्हाणीघराचे दार दोन फुटांचे, म्हणजे ६१ सेंटिमीटरचे असेल, तर ती खुर्ची आत जाणारच नाही. बैठक योग्य मापाची घेतल्यास हा प्रश्न अनेकदा आपोआप सुटतो. दाराची रुंदी चौकटीच्या आतून आणि दार पूर्ण उघडून मोजावी, कारण उघडलेल्या फळीची जाडीही वाट अडवते. खाली चाके तिरकी असलेली खुर्ची मागवल्यास रुंदी आणखी वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

चिऱ्यांच्या जोत्यावर बांधलेल्या घरांना दोन-तीन पायऱ्या असतातच. सार्वत्रिक सुगम्यतेच्या २०२१ च्या केंद्रीय मानकांनुसार उताराचे प्रमाण एकास बारा असावे. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उतार किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. अंगणात तुळशीवृंदावन मध्ये येत असेल, तर उताराला वळण द्यावे आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा ठेवावी. त्याच मानकांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर सांगितली आहे. घराची दुरुस्ती काढलीच असेल, तर हा आकडा गवंड्याला आधी सांगावा.

मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनारी भागांत वाळू आणि खारा वारा. लाटंबार्से, मये, पिळगाव, पाळी या बाजूंना तांबडी माती, चढ-उतार आणि खनिजपट्ट्यातील धूळ. कॅस्टर, म्हणजे पुढची फिरती चाके, लहान व कठीण असल्यास गुळगुळीत फरशीवर उत्तम चालतात. मातीत आणि खडीत ती रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. गावातील वापरासाठी पुढची चाके मोठी आणि रुंद घ्यावीत. हवेचे टायर धक्के शोषतात, मात्र पंक्चर होतात. भरीव टायरना ती काळजी नाही, पण दगडी वाटेवर हादरे बसतात. गावात सायकल दुरुस्तीचे दुकान असेल, तर २४ इंची हवेचे चाक सोयीचे ठरते.

प्रवास कशाने होणार, हेही आधी ठरवावे. केरी-तेरेखोल किंवा नार्वे-दिवाडी या फेरीबोटींच्या ओल्या फळीवर उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे पाठ उताराकडे करून उतरवावी लागते. मागून धरण्यासाठी मुठी असलेली खुर्चीच तेथे उपयोगी. मोटारीच्या डिकीत मावणे आवश्यक असेल, तर डिकीचे माप मागणीपत्रावर लिहावे. मोपा विमानतळावरून वरचेवर जाणाऱ्याने विजेवर चालणारा जोड घेण्यापूर्वी बॅटरीविषयीचे नियम विमान कंपनीकडून लेखी मागवावेत.

मागणीपत्र

मापाच्या खुर्चीच्या व्यवहारात सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे मापांचा तक्ता. खुर्ची न बसल्यास चूक कोणाची, हा प्रश्न त्यावरूनच सुटतो. तक्त्यावर माप कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या गादीवर घेतले हे असावे. आकडे सेंटिमीटरमध्ये की इंचांत, हे प्रत्येक ओळीत लिहिलेले असावे. मोजणाऱ्याची आणि ग्राहकाची सही असावी आणि एक प्रत घरी राहावी. दूरध्वनीवर किंवा चित्रफितीवरून माप दिले असेल, तर विक्रेत्याने ते मान्य केल्याचा लेखी संदेश जपून ठेवावा.

पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात: खुर्चीचा नेमका प्रकार व तयार मापे, किती फरक ग्राह्य धरला जाईल, ती देण्याची तारीख, बसवून देण्यासाठी माणूस घरी येणार की नाही, पहिल्या दुरुस्त्या विनामूल्य आहेत का व किती दिवस, चौकटीची आणि सुट्या भागांची हमी, आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतील. पूर्ण रक्कम आगाऊ देण्याऐवजी काही भाग ताबा व तपासणीनंतर देण्याची बोलणी करून पाहावी. मागणी व ताबा यांत चार-सहा महिने गेले, वजन वाढले-घटले किंवा शस्त्रक्रिया झाली, तर उत्पादन सुरू होण्यापूर्वी माप पुन्हा घ्यावे.

खर्च आणि सहाय्य

मापाच्या देशी खुर्च्यांची किंमत हजारांच्या घरात, तर परदेशी टायटॅनियमच्या खुर्च्यांची लाखांत जाते. व्हीलचेअरवर ५ टक्के जीएसटी आहे.

केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधन पूर्ण अनुदानावर आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्म्या अनुदानावर मिळते. कानपूरची अलिम्को ही केंद्रीय कंपनी १९७२ साली स्थापन झाली. या योजनेतील बरीच साधने तीच बनवते. वाटप साधारणतः शिबिरांतून होते: आधी तपासणीचे शिबिर, नंतर वाटपाचे. या योजनेतील एक अट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. एकाच कारणासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा सहाय्य मिळत नाही. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. म्हणजे न बसणारी खुर्ची शिबिरात ‘फुकट मिळते आहे, तर असू दे’ म्हणून स्वीकारली, तर पुढची तीन वर्षे योग्य खुर्चीचा मार्ग बंद होतो. खुर्ची अंगाला लहान-मोठी होत असेल, तर ती त्याच ठिकाणी, स्वीकृतीची सही करण्यापूर्वी सांगावी आणि बदलून मागावी.

योजनेतील अनुदानाला खर्चाची मर्यादा असल्याने महाग खुर्ची तिच्यात बसत नाही. अशा वेळी राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाकडून सहायक साधनासाठी कर्ज मिळू शकते. उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीकडेही अर्ज करता येतो. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतील मासिक सहाय्य हे निर्वाहासाठी आहे. ते खुर्चीच्या पर्यायाने मोजू नये. सर्व ठिकाणी यूडीआयडी ओळखपत्र मागितले जाते, म्हणून ते आधी काढून ठेवावे. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये प्रथम भरलेल्या पर्पल फेस्टमध्ये सहायक साधनांची प्रदर्शने असतात. मागणी नोंदवण्यापूर्वी वेगवेगळ्या खुर्च्यांत प्रत्यक्ष बसून पाहण्याची ती चांगली संधी आहे.

ताबा घेताना

खोके उघडताच सही करू नये. प्रथम तक्त्यातील प्रत्येक माप खुर्चीवर फितीने पडताळावे आणि फरक लिहून घ्यावा. नंतर गादीसह बसून पाहावे. बाजूने पाहिल्यास कंबर पाठीला टेकलेली, मांड्या जमिनीला समांतर आणि पावले पूर्ण टेकलेली दिसावीत. समोरून पाहिल्यास दोन्ही खांदे एका रेषेत असावेत. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा राहावी. ब्रेक लावून उतारावर खुर्ची सरकते का, चारही चाके जमिनीला टेकतात का, हे पाहावे.

दाबाची तपासणी त्यानंतर. सहाय्यकाने तळहात वर करून बोटे बसण्याच्या हाडाखाली सरकवावीत. बोटे हलवता येत असतील, तर दाब सुरक्षित. अडकली पण बाहेर काढता येत असतील, तर सावध राहावे. चिमटल्यासारखी होऊन काढणे कठीण गेले, तर गादी बदलल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नये. पहिल्या दिवशी अर्धा तासच बसावे, मग आडवे होऊन नितंब, माकडहाड, मांड्यांच्या बाजू, गुडघ्यामागचा भाग आणि टाचा पाहाव्यात. आरसा किंवा घरातील माणूस यासाठी हवा. लाल डाग अर्ध्या तासात न गेल्यास तेथे दाब जास्त आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे काळसर झाक, ऊब किंवा कडकपणा हाताला लागतो. कातडी फाटली किंवा फोड आला, तर बसणे पूर्ण थांबवून रुग्णालय गाठावे. दाबव्रण काही तासांत सुरू होतो आणि भरायला कित्येक महिने घेतो. खुर्ची उत्तम असली, तरी दर अर्ध्या तासाच्या आत पुढे किंवा बाजूला झुकून भार हलका करण्याची सवय सोडू नये.

खुर्ची बसत नाही, तेव्हा

प्रथम दोष जुळवणीचा आहे की चौकटीचा, हे ओळखावे. फूटरेस्टची उंची, आर्मरेस्ट, पाठीच्या पट्ट्यांचा ताण, पाठीचा कोन, गादी आणि अनेक खुर्च्यांत मागच्या चाकाचा आस या गोष्टी पान्याने बदलता येतात. बैठक थोडी रुंद असल्यास बाजूंना घट्ट फोमचे आधार लावता येतात. खोली जास्त असल्यास पाठीमागे कठीण आधार देऊन ती कमी करता येते. परंतु बैठक अरुंद असेल, खोली फार कमी असेल किंवा एकसंध चौकटीचा कोनच चुकला असेल, तर स्थानिक वेल्डरकडे नेऊ नये. नळी कापून जोडल्यास तिची ताकद कमी होते आणि उत्पादकाची हमीही बहुधा संपते. उशी, गोधडी किंवा घडी केलेला टॉवेल कोंबणे हाही उपाय नव्हे. घडीच्या कडांवर नवे दाब तयार होतात.

दोष ध्यानात येताच विक्रेत्याला लेखी कळवावे. मापांचा तक्ता, खुर्चीची प्रत्यक्ष मापे, बाजूने व समोरून काढलेली छायाचित्रे, डागांची तारीखवार नोंद आणि शक्य असल्यास थेरपिस्टचा अभिप्राय जोडावा. ‘खुर्ची बरोबर नाही’ यापेक्षा ‘बैठकीची खोली ४१ ठरली होती, प्रत्यक्षात ४५ आहे’ हे वाक्य अधिक काम करते. दुरुस्तीसाठी निश्चित मुदत मागावी आणि तोवर पर्यायी खुर्चीची मागणी करावी.

‘मापाची वस्तू परत घेतली जात नाही’ हे उत्तर अनेकदा मिळते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कराराने ठरलेल्या दर्जात उणीव असणे हा ‘दोष’ आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विक्रेत्याच्या माणसाने चुकीचे माप घेतले असेल, तर तो सेवेतील त्रुटीचा मुद्दा होतो. मात्र ग्राहकाने स्वतः चुकीचे आकडे दिले असतील आणि खुर्ची त्याच आकड्यांची असेल, तर दावा दुबळा पडतो. सहीचा तक्ता जपून ठेवायचा तो याच कारणासाठी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे निभावले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. उत्पादक चेन्नईचा असो वा दिल्लीचा, पेडणे किंवा डिचोलीच्या रहिवाशाला उत्तर गोवा जिल्हा आयोग पुरतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील अनिवार्य नाही.

विनामूल्य मिळालेल्या खुर्चीत पैशांचा मोबदला नसल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग कठीण असतो. तेथे प्रथम वाटप करणाऱ्या यंत्रणेकडे, नंतर राज्याच्या दिव्यांगजन सक्षमीकरण खात्याकडे आणि शेवटी राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या कलम २४ मध्ये ठरावीक उत्पन्नमर्यादेतील व्यक्तींना साधने विनामूल्य देण्याचा उल्लेख आहे. कलम ८० नुसार आयुक्त चौकशी करू शकतात. त्यांच्या शिफारशीवर संबंधित यंत्रणेने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते.

निगा आणि फेरतपासणी

गोव्याचा पावसाळा खुर्चीची परीक्षा घेतो. जूनपूर्वी सर्व नट-बोल्ट, ब्रेक आणि आऱ्या तपासून घ्याव्यात. भिजलेली खुर्ची कोरडी पुसावी, गादीचे आवरण रात्री काढून वाळवावे. ओलसर गादी कातडी लवकर फोडते. समुद्रकाठी गेल्यास गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने वाळू व मीठ काढावे. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगमध्ये धूळ ढकलतो. कॅस्टरभोवती गुंतलेले केस व दोरे दर आठवड्याला काढावेत. फोमची गादी मध्यभागी दबून राहू लागली की तिचे आयुष्य संपले, असे समजावे.

प्रौढांनी वर्षातून एकदा आणि वाढत्या मुलांची दर सहा महिन्यांनी मापे पुन्हा घेऊन जुन्या तक्त्याशी ताडून पाहावीत. वजनातील फरक, नवी ताठरता, खांदेदुखी किंवा कातडीवरचा पुन्हा पुन्हा उमटणारा डाग दिसला, तर वर्ष संपण्याची वाट पाहू नये. तो डाग दिसेल त्याच दिवशी फीत काढावी आणि माप घ्यावे.